ख्रिस्तपुराण वाचायला घेताना

२७ फेब्रुवारी जवळ आली की ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ फलकांवर आणि शुभेच्छांच्या चित्रांवर झळकू लागते. खाली फादर स्टीफन्स हे नाव असतं. ओवी पाठ असलेली माणसं पुष्कळ, पण ती ज्या ग्रंथातली आहे तो ‘ख्रिस्तपुराण’ उघडून पाहिलेली फार थोडी. तो ग्रंथ दोन भागांचा, ९५ अध्यायांचा आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा आहे. मराठीची स्तुती करण्यासाठी तो लिहिलेलाच नाही. गोव्याच्या साष्टी भागात नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना धर्म आणि आचार शिकवावा म्हणून, तिशीत पोचल्यावर ज्याच्या कानांवर मराठी पहिल्यांदा पडली अशा एका इंग्रजाने तो रचला. बोधग्रंथ म्हणून हाती घेतला तर तो उलगडतो. भाषेची नवलाई म्हणून घेतला तर दोनशे ओव्यांत मिटला जातो.

पुढची माहिती अशा वाचकासाठी आहे, ज्याला मराठी येते, ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या कानांवर पडलेल्या आहेत, पण जुनी मराठी सलग वाचायची सवय नाही.

आधी एवढं माहीत असू द्या

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात झाला. कॅथलिकांना तिथे दिवस बरे नव्हते. ते रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मप्रसारकांच्या संघात शिरले, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची चाळीस वर्षं त्यांनी गोव्यातच, मुख्यतः साष्टीत काढली. म्हणजे ते आले तेव्हा पैठणला एकनाथ हयात होते, आणि पुराण छापून निघालं तेव्हा तुकाराम लहान मूल होते. ही सांगड डोक्यात ठेवा, कारण ग्रंथाची भाषा नेमकी त्या काळातली आहे. वाङ्मयाच्या इतिहासात त्याला मध्ययुगीन मराठीच्या खणात ठेवतात ते त्यामुळेच.

त्यांच्या नावावर तीन पुस्तकं आहेत आणि नवा वाचक इथेच पहिल्यांदा अडखळतो. ख्रिस्तपुराण मराठीत आहे. प्रश्नोत्तररूप ‘दौत्रिन क्रिस्तां’ कोकणीत आहे आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राचोलला छापलं गेलं. १६४० मध्ये निघालेलं व्याकरणही कोकणीचंच आहे. तिन्ही पुस्तकं ‘गोव्याच्या भाषेतली’ म्हणून एका दावणीला बांधली, तर पुराणासाठी त्यांनी वेगळी भाषा का निवडली हा प्रश्नच पडत नाही. आणि तोच तर या ग्रंथाचा गाभा आहे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. हे लेखन सत्तेच्या सावलीत झालं. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं, साष्टीतली देवळं पाडली गेली, आधीच्या पोथ्या जप्त झाल्या. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं, तेव्हा त्यांची प्रेतं आणायला गेलेल्यांत स्टीफन्स होते. पुराणात जुन्या देवदेवतांवर टीका येते ती या पार्श्वभूमीवर. ती वाचताना राग आला तर नवल नाही, पण तेवढी पानं वगळून उरलेल्याला ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे. कवी मोठा होता आणि तो जेत्यांच्या बाजूचा होता. दोन्ही खरं आहे.

कोणती प्रत घ्यावी

पुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं, तिन्ही वेळा रोमन लिपीत. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कानडी किनाऱ्याकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी ती जपली. त्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. आजचा सगळा अभ्यास तिच्यावरून पुढे सरकतो. तिच्यात चरित्र, प्रस्तावना, प्रत्येक अध्यायाचा इंग्रजी सारांश आणि शेवटी शब्दसंग्रह आहे. स्वामित्वहक्क संपल्यामुळे तिची पानं इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात.

देवनागरीत शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून आवृत्ती आणली. पुढे १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये नेल्सन फलकाव यांची निघाली. फलकाव यांच्या आवृत्तीत ओव्यांचा आजच्या मराठीत गद्य अर्थ आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याने ती मिळाली तर तीच घ्यावी. विकत मिळणं कठीण पडलं तर मोठ्या विद्यापीठाच्या मराठी विभागाचं ग्रंथालय, पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय किंवा पर्वरीचं थॉमस स्टीफन्स कोंकणी केंद्र इथे चौकशी करा.

लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत मार्सडन संग्रहातलं एक देवनागरी हस्तलिखित आहे. त्याचे दोन खंड ‘आदिपुराण’ आणि ‘देवपुराण’ या नावांचे आहेत. रोमन प्रतीत पोर्तुगीज-लॅटिन शब्द आहेत अशा पुष्कळ जागी त्यात संस्कृत वळणाचे शब्द दिसतात. मूळ कोणतं आणि बदल कोणाचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. नव्या वाचकाने त्यात पडू नये. पण दोन पुस्तकांत एकच ओवी वेगळी दिसली तर छापणाऱ्याला दोष देण्याआधी हे हस्तलिखित आठवावं.

काम सुरू करताना समोर चार गोष्टी ठेवा. देवनागरी प्रत, १९०७ ची रोमन प्रत निदान मोबाइलवर, मराठी बायबल (शक्यतो कॅथलिक आवृत्ती) आणि शब्दकोश. शब्दकोशांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश जालावर आहे. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) ओवीतल्या शब्दांसाठी आणि दालगादो यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश (१८९३) कोकणी शब्दांसाठी. पोर्तुगीज येत नसलं तरी दालगादो उपयोगी पडतो, कारण मूळ शब्द देवनागरीत आहेत आणि शब्द कोकणी आहे एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

सुरुवात गद्यापासून

बहुतेक जण थेट पहिल्या ओवीवर उडी मारतात. त्याआधीचं गद्य निवेदन सुटतं, आणि स्टीफन्स यांनी आपलं धोरण उघड सांगितलं आहे ते तिथेच. मुद्दा असा: या देशीच्या भाषांत देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य दिसली म्हणून पुराण मराठीत लिहिलं. पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही. म्हणून मागल्या कवीश्वरांचे अवघड शब्द टाकून दिले आणि जागोजागी ‘ब्राह्मणांच्या भाषेचे’ सोपे शब्द मिसळले.

इथली ‘ब्राह्मणांची भाषा’ म्हणजे संस्कृत नव्हे, कोकणी. हे एक कळलं नाही तर सगळं निवेदन उलटं वाचलं जातं, आणि ‘स्टीफन्सनी संस्कृत मिसळून भाषा सोपी केली’ असली वाक्यं लेखांतून फिरत राहतात.

निवड कशी व्यवहारी आहे पाहा. साष्टीतला माणूस घरात कोकणी बोलत असे, पण पुराण, कीर्तन, देवाधर्माचं काव्य त्याला मराठीत ऐकायची सवय होती. उपदेश मनात उतरायचा तर तो सवयीच्या सुरात यायला हवा, आणि कळायचा तर शब्द घरचे हवेत. म्हणून चौकट मराठी ओवीची आणि मधेमधे कोकणी भरणा. पहिल्या अध्यायात प्रसंगही तसाच योजला आहे. एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूला म्हणतो की जुनी पुराणं आमच्याकडून गेली, तर त्यांच्या जागी आम्हाला नवं काही द्या. त्या मागणीचं उत्तर म्हणजे हा ग्रंथ.

ओवी कानाने वाचा

हा ग्रंथ मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेला आहे. डोळ्यांनी मुकाट वाचलात तर तिसऱ्या पानावर सगळं सारखंच वाटू लागेल. ओवीची घडण समजून घ्यायला पाठ असलेलीच घ्या:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

अक्षरं मोजा: ११, ९, ९, ५. पहिल्या तीन चरणांना यमक (किळा, निळा, चोखळा), चौथा आखूड आणि यमकाबाहेर. तीन चरणांत आवाज चढत जातो आणि चौथ्यावर पाय टेकतो. वाचताना तिसऱ्या चरणानंतर किंचित थांबा आणि चौथा चरण सपाट आवाजात म्हणा. अक्षरसंख्या ठरलेली नाही, त्यामुळे चरण छोटा निघाला तर स्वर लांबवायचा, मोठा निघाला तर भरभर म्हणायचा.

आता ग्रंथाची पहिली ओवी:

वों नमो विश्वभरिता
देवा बापा सर्व समर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्ग पृथ्वीच्या रचणारा

इथे चौथा चरण आखूड नाही, नऊ अक्षरांचा आहे. नियम म्हणजे फूटपट्टी नव्हे हे पहिल्याच ओवीत कळतं. लगेच पुढच्या ओवीत मात्र घडण पुन्हा ओळखीची होते:

तूं ऋद्धिसिद्धिचा दातारु
कृपानिधी करुणाकरु
तूं सर्वसुखाचा सागरु
आदि अंतु नातुडे

‘नातुडे’ म्हणजे हाती लागत नाही. ‘वों नमो’ हे ‘ॐ नमो’च. ज्ञानेश्वरीची सुरुवात ज्याने ऐकली आहे त्याला हा सूर ओळखीचा वाटतो, आणि तो वाटावा अशीच योजना आहे. ‘देवा बापा’ इतकं साधं संबोधन मात्र ख्रिस्ती प्रार्थनेतून आलेलं आहे. शेजारी ऋद्धिसिद्धी, कृपानिधी, करुणाकर ही सगळी पुराणाची ठेवणीतली विशेषणं. दोन ओव्यांत कवीची सगळी रीत दिसते. सूर आपला, विशेषणं आपली आणि त्यांत बसवलेला देव नवा.

‘दातारु’, ‘सागरु’, ‘करुणाकरु’ असे उकारान्त शब्द पाहून थबकू नका. जुन्या मराठीत पुल्लिंगी नामाचं हे नेहमीचं रूप आहे. शेवटचा उ काढला की शब्द आजचा होतो. तो वाचताना मात्र काढू नका, यमक त्याच्यावरच उभं आहे.

एका अध्यायाला स्टीफन्स ‘अवस्वरु’ म्हणतात. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरु आहेत. सरासरी एकात सव्वाशेच्या आतबाहेर ओव्या येतात. एका ओवीला दहा-बारा सेकंद धरले तर एक अवस्वरु वीस-पंचवीस मिनिटांत मोठ्याने वाचून होतो. एका बैठकीला एकच. दोन वाचले की दुसऱ्यातलं काही लक्षात राहत नाही. दोघं-तिघं मिळून वाचणार असाल तर एकाने ओवी म्हणावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा, भूमिका दर पाव तासाने बदलावी.

रोमन अक्षरांची किल्ली

देवनागरी प्रत असताना रोमन कशाला, असं वाटेल. पण देवनागरीतला एखादा शब्द लागत नसला तर त्याचं मूळ रूप पाहिल्याशिवाय गत्यंतर नसतं. ग्रंथ रोमनमध्ये का छापला याचं कारण ठशांत आहे. १६०८ च्या एका पत्रात स्टीफन्स कळवळून लिहितात की इथल्या लिपीत पुस्तकं छापावी अशी फार इच्छा आहे, पण युरोपात चोवीस ठशांवर भागतं तिथे या लिपीला सहाशे लागतील. ते ठसे काही पडले नाहीत आणि मराठी पुराण पोर्तुगीज वर्णलेखनात अडकलं.

त्यामुळे अक्षरं इंग्रजीसारखी वाचलीत की फसलात. ‘सी’ म्हणजे क. इ किंवा ए पुढे आला की त्याच क साठी ‘क्यू’ आणि ‘यू’ येतात, म्हणजे ‘रत्नकिळा’तला ‘कि’ तसा लिहिलेला असतो. ‘क्यू’पुढे ‘एच’ आला तर ख. दुहेरी ‘एन’ म्हणजे ण, दुहेरी ‘एल’ म्हणजे ळ, दुहेरी ‘डी’ आणि दुहेरी ‘टी’ म्हणजे ड आणि ट. दुहेरी ‘एस’ मात्र जोडाक्षर नव्हे. पोर्तुगीजात दोन स्वरांमधला एकेरी ‘एस’ वेगळा उच्चारला जातो, म्हणून साध्या स साठी तो दुहेरी लिहिला आहे. ‘एक्स’ म्हणजे श. ‘झेड’ म्हणजे ज. ‘यू’ कधी उ, कधी व. शेवटी येणारा ‘वाय’ म्हणजे इ किंवा ई. रोमन ‘ई’ आणि ‘ए’ ही अक्षरं लागोपाठ आली तर बहुतेक वेळा ‘या’. देवनागरी आवृत्त्यांत ‘दीपिचेआं’ असं दिसतं ते त्यामुळेच, म्हणताना ‘द्वीपीच्यां’सारखं म्हणा.

अनुस्वारासाठी अक्षरावर नागमोडी खूण असते. मोबाइलवर ती दिसत नाही किंवा पान धूसर असलं की पुसली जाते. मग ‘हरळांमाजि’चं ‘हरळामाजि’ होतं, अनेकवचनाचं एकवचन होतं आणि अर्थ घसरतो. पान मोठं करून खूण पाहायची सवय लावा. त्या पानांवरून यंत्राने उचललेला मजकूर तर वापरूच नका. या वर्णलेखनाचा त्यात पार चुराडा होतो.

सराव म्हणून वरची पाठ ओवी १९०७ च्या प्रतीत शोधा. ती पहिल्या अवस्वरुतच, शंभरएक ओव्या ओलांडल्यावर आहे. अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे अक्षरामागून अक्षर जुळवत गेलात की अर्ध्या तासात किल्ली हाती येते. तिच्यामागोमाग मोगरीची, मयोराची आणि बारा राशींची ओवीही तशीच जुळवा.

शब्द चार दिशांनी येतात

वहीत चार रकाने आखा. जुनी ओवीची मराठी: चोखळ (निर्मळ), किळा (तेज), हरळ (खडा), निरोपणे (सांगणे). कोकणी: उतर (शब्द), भितर (आत), देखून (म्हणून). पोर्तुगीज-लॅटिन: पाद्री, क्रुस, सांतु (संत), क्रिस्तांव (ख्रिस्ती) आणि बहुतेक विशेषनामं. चौथा रकाना संस्कृत-पौराणिक शब्दांचा.

विशेषनामांना स्वतंत्र पान द्या. आजच्या मराठी बायबलात येशू, मोशे, नोहा अशी नावं आहेत, पण स्टीफन्स यांनी ती पोर्तुगीज-लॅटिन वळणाने घेतली. त्यामुळे येशू हा ‘जेजु’ आहे. नाव न ओळखल्यामुळे कथा हरवते, आणि मग वाचक भाषेला दोष देतो. प्रत्येक अवस्वरुचा सारांश आधी वाचून नावांची जोडी लावून घेतली की हा अडथळा उरत नाही.

चौथ्या रकान्यात शब्द ओळखीचा असतो आणि अर्थ तोच असेल याची खात्री नसते. ‘वैकुंठ’ वाचलं की आपल्या डोळ्यांपुढे विष्णू येतो. स्टीफन्सना तिथे ख्रिस्ती स्वर्ग म्हणायचा आहे. ‘परमेश्वर’, ‘गुरु’, ‘शास्त्र’ यांचंही तेच. यावरून ‘त्यांनी दोन धर्मांचा संगम केला’ असा निष्कर्ष काढू नका. पण उलट टोकालाही जाऊ नका. शब्द उचलला की त्याला चिकटलेलं सगळं झटकून टाकता येत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात जुन्या वैकुंठाचा प्रकाश थोडा तरी राहिलाच असणार. अशा शब्दापुढे दोन अर्थ लिहा. या ओवीत कवीला काय म्हणायचं आहे आणि साष्टीतल्या श्रोत्याला काय ऐकू आलं असेल. वही भरत गेली की ग्रंथाची खरी गंमत या रकान्यात साठलेली दिसते.

‘भासा’, ‘पुस्प’, ‘पखी’, ‘वृखि’ ही रूपं पाहून लेखन सुधारायला जाऊ नका. ष चा स आणि क्ष चा ख होणं त्या काळच्या बोलण्यात आणि पोथ्यांत सर्रास आहे. परक्या माणसाची चूक म्हणून ती दाखवणं हा वाचकाचाच अडाणीपणा ठरतो.

वाचायचा क्रम

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ जाऊ नका. पहिलं पुराण जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतचं, म्हणजे जुन्या करारातलं. दुसरं ख्रिस्ताच्या चरित्राचं. बायबलची ओळख नसलेला वाचक पहिल्या पुराणातल्या वंशावळी आणि राजांच्या कथांत अडकतो आणि तिथेच खूण घालून पुस्तक मिटतो.

गद्य निवेदन आणि पहिला अवस्वरु आधी. मग उत्पत्ती, देवदूतांचं पतन आणि आदि-मातापित्यांची कथा सांगणारे सुरुवातीचे अवस्वरु. तिथून सरळ दुसऱ्या पुराणात जा: जन्मकथा, डोंगरावरचं प्रवचन, दृष्टान्त आणि शेवटी क्रुसावरचं मरण. सूर आणि नावं अंगवळणी पडली की पहिल्या पुराणात परत या आणि सीनाय पर्वतावरच्या दहा आज्ञांपासून धरा. अवस्वरुंचे क्रमांक आवृत्तीतल्या सारांशावरून काढा.

देवदूतांचं पतन वाचताना बायबल उघडलंत तर उत्पत्तीच्या पुस्तकात ते सापडणार नाही. गोंधळू नका. स्टीफन्स बायबलचं भाषांतर करत नव्हते. लॅटिन बायबल, चर्चची परंपरा आणि संतांच्या कथा यांतून ते पुराण रचत होते. त्याला ‘मराठीतलं पहिलं बायबल’ म्हणणं म्हणूनच चूक आहे.

बोध कुठे आहे ते हुडकणे

कथेच्या शेवटी तात्पर्य असेल असं धरून बसलात तर बोध हातातून निसटेल. तो तीन ठिकाणी येतो: कथा थांबवून श्रोत्यांना केलेल्या उपदेशात, श्रोत्याच्या शंकेला दिलेल्या उत्तरात, आणि जैसी–तैसीच्या उपमांच्या माळेत. तिसरं ठिकाण सगळ्यांत महत्त्वाचं. दृष्टान्त आधी आणि सांगायची गोष्ट शेवटी, ही ज्ञानेश्वरीपासूनची निरूपणाची रीत आहे. हरळांतलं रत्न, रत्नांतला हिरा आणि मग मराठी, हा चढ बोधाच्या ओव्यांतही तसाच असतो. उपमा आली की समासात खूण करा आणि ‘तैसी’ कुठे पडते ते पाहा. उपदेशाचं वजन त्या चरणावर असतं.

उपमा मोगरी, कस्तुरी, कल्पतरूची असली म्हणून कवीने ती कोकणातल्या परसात पाहून लिहिली असं समजू नका. कल्पतरू कोणाच्याच परसात नसतो. या उपमा ओवीपरंपरेच्या सामायिक भांडारातल्या आहेत. परकी भाषा आत्मसात केली म्हणजे फक्त शब्द आले असं नव्हे, तिचं हे भांडारही हाती आलं, याचा तो पुरावा आहे.

दृष्टान्तकथांसाठी एक व्यायाम करा. उधळ्या मुलाची किंवा दयाळू शोमरोन्याची कथा बायबलात आधी वाचा, वचनं मोजा. मग पुराणातला भाग वाचा, ओव्या मोजा. कुठे पसरलं आणि कुठे आवरतं घेतलं ते वहीत लिहा. जिथे एका वचनाच्या दहा ओव्या झाल्या तिथे कवीला श्रोत्याला काहीतरी पटवायचं होतं. दहा आज्ञांच्या भागालाही हीच कसोटी लावा. कोणत्या आज्ञेवर किती ओव्या खर्ची पडल्या, यावरून साष्टीत उपदेशकाला कशाची चिंता होती ते कळतं.

उद्धृत करताना

भाग, अवस्वरु, ओवी अशा तीन आकड्यांनी निर्देश करा आणि आवृत्तीचं नाव सोडू नका. हस्तलिखितं वेगळी असल्यामुळे ओव्यांचे क्रमांक आणि एकूण संख्याही प्रतीगणिक थोडी बदलते. नुसतं ‘ख्रिस्तपुराण’ लिहून दिलेली ओवी शोधायला दुसऱ्याचा अख्खा दिवस जातो. लेखन आपल्या प्रतीत आहे तसंच उतरवा. आजच्या शुद्धलेखनात केलं असेल तर तसं सांगा.

सगळं पुराण वाचून झालं आणि गोडी लागली तर याच घराण्यातले दोन ग्रंथ पुढे आहेत. एक, एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरवर रचलेलं पुराण, स्टीफन्सच्या मागोमाग १६२९ पासून छापून निघालेलं. दुसरा, आंतोनियु द साल्दान्य यांची सेंट अँथनीची जीवित्वकथा, १६५५ ची. क्रुआ यांच्या ग्रंथात हिंदू पुराणांवर सविस्तर खंडन आहे. तेव्हा तो घेण्याआधी एकनाथी भागवताचे दोन-तीन अध्याय मोठ्याने वाचून ठेवा, म्हणजे ते कोणत्या मजकुराशी भांडत आहेत हे कानाला कळेल.